पाद्री, मिर्झा आणि उर्दूतली इंजील

उर्दू गद्याचा इतिहास शिकवताना फोर्ट विल्यम कॉलेज आणि मीर अम्मन यांची नावे हमखास येतात. त्याच सुमारास उर्दूत आलेल्या इंजीलचा, म्हणजे नव्या कराराचा, उल्लेख मात्र सहसा होत नाही. तो अनुवाद हेन्री मार्टिन या इंग्रज पाद्रीच्या नावावर आहे.

मार्टिन यांचा जन्म १७८१ मध्ये इंग्लंडमधील ट्रुरो येथे झाला. १८०१ मध्ये ते केंब्रिजला गणितात पहिले आले. पुढे पाद्री झाले आणि १८०६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे धर्मोपदेशक म्हणून कलकत्त्यास उतरले. दानापूर, मग कानपूर इथे त्यांची नेमणूक झाली. मुसलमानांनी ख्रिस्ती व्हावे, हा त्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

पण अनुवाद एकट्याने होत नाही. उर्दूसाठी बनारसचे मिर्झा फितरत त्यांच्यासोबत बसत. फारसीचे काम साबात नावाच्या अरब सहकाऱ्याकडे होते. त्यांच्या मसुद्यात अरबीचा इतका भरणा झाला की, सामान्य इराणी वाचकाला तो समजणार नाही, असे जाणकारांनी सांगितले. तेव्हा क्षयाने पोखरलेले मार्टिन १८११ मध्ये थेट इराणला निघाले. कलकत्त्याहून मुंबईच्या जहाजावर सोबतीला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते, पुण्याचे रेसिडेंट म्हणून रुजू व्हायला चाललेले.

शिराझमध्ये मिर्झा सय्यद अली यांच्यासोबत बसून फारसी अनुवाद फेब्रुवारी १८१२ मध्ये पूर्ण झाला. त्याच शहरातले आलिम मिर्झा इब्राहिम यांनी इस्लामच्या बाजूने अरबीत रिसाला लिहिला. मार्टिन यांनी त्याला फारसीत उत्तर दिले. एकीकडे वाद कागदावर चालू होता, दुसरीकडे अनुवादाची बैठक मोडली नाही.

मायदेशी परतताना १६ ऑक्टोबर १८१२ रोजी तुर्कस्तानातील तोकात येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे ३१. उर्दू नवा करार १८१४ मध्ये श्रीरामपूरला (बंगालमधल्या) छापला गेला, फारसी १८१५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला. एकही छापील प्रत त्यांना पाहता आली नाही.

मार्टिन यांची चरित्रे निघाली, रोजनिशी छापली गेली. ते त्यांच्या कष्टाचे फळ आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण फितरत आणि सय्यद अली त्या चरित्रांत केवळ 'मुन्शी' म्हणून येऊन जातात. योग्य शब्द कोणता, वाक्य कानाला खटकते का, हे सांगणारे तेच होते.

उर्दू म्हणजे फक्त मुसलमानांची भाषा, असे म्हणणारे आपल्यातही आहेत आणि बाहेरही. त्यांनी हा इतिहास जरूर पाहावा. एका ख्रिस्ती ग्रंथाची उर्दू एका मिर्झाने घडवली. आपला ईमान त्याने सोडला नाही आणि शब्दांशी बेइमानीही केली नाही. मतभेद असलेल्या माणसाशेजारी बसून प्रामाणिक काम करता येते, हे त्या दोघांनी दाखवून दिले. विद्यार्थ्यांना मीर अम्मन शिकवताना फितरत यांचेही नाव घ्यायला काय हरकत आहे?