एफडी मोडू का? – न अडवणाऱ्या मुतखड्याची गोष्ट

मित्रहो, पोस्ट मोठी आहे. पाणी यायला वेळ असेल तर निवांत वाचा.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत नळाची वाट बघत ओट्यावर बसलो होतो. पुंडलिकनगरात भलामोठा जलकुंभ आहे, म्हणून बाहेरच्यांना वाटतं की इथे पाण्याची चंगळ असेल. प्रत्यक्षात दिव्याखाली अंधार. तेवढ्यात शेजारच्या काकू हातात सोनोग्राफीचं पाकीट घेऊन आल्या. "सर, एवढं वाचून सांगा बरं. एफडी मोडायची का नाही, ते आज ठरवायचंय."

काकांना ॲसिडिटीचा त्रास होता म्हणून पोटाची सोनोग्राफी केली, आणि निघाला मुतखडा. रिपोर्टमध्ये लिहिलेलं असं: उजव्या किडनीच्या खालच्या कप्प्यात ५ मिलिमीटरचा खडा, अडथळा नाही, किडनीला सूज नाही. काकांना ना कळ, ना जळजळ, ना लघवीला लाल. पण एका ठिकाणी सांगितलं, "दोन दिवसांत लेझर करून घ्या, नाहीतर किडनी जाईल." झालं, घरात रडारड.

मी डॉक्टर नाही, इतिहास शिकवतो. पण माझ्याही डाव्या किडनीत तीन वर्षांपासून ४ मिलिमीटरचा एक भाडेकरू आहे, त्यामुळे या विषयावर बरंच वाचून झालंय. आणि वाचता वाचता लक्षात आलं, की काकांच्या पोटातला हा जो "गप्प" खडा आहे, तो आजार म्हणून फार नवा आहे. खडा जुनाच, पण तो दिसायला लागला अलीकडे.

आपल्या पूर्वजांना माहीत होता तो लघवीच्या पिशवीतला खडा. इजिप्तमध्ये १९०१ साली एका पुरातन कबरीत सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या सांगाड्यात असा खडा सापडला होता, साधारण सात हजार वर्षांपूर्वीचा. आपल्याकडे सुश्रुताने अश्मरीवर स्वतंत्र अध्याय लिहिले. रोग्याला घट्ट धरून, बोटाने खडा खाली ओढून, बैठकीच्या जागी छेद देऊन तो बाहेर काढायचा. भूल नाही, काही नाही. दोन गोष्टी मला त्यात फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे, शस्त्रक्रिया केली नाही तर मरण ठरलेलं आणि केली तरी भरवसा नाही, म्हणून आधी राजाची परवानगी घ्या, असं तो सांगतो. म्हणजे इतकी जोखीम घ्यायची तर खडा तसाच जीवघेणा हवा. दुसरी म्हणजे, खडा काढताना चुरा मागे राहू देऊ नका, कारण थोडा जरी राहिला तरी तो पुन्हा वाढतो. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

युरोपातही तेच. हिपोक्रॅटिसच्या शपथेत तर खड्यासाठी चाकू लावणार नाही असं वैद्याकडून वदवून घेतलंय, ते काम त्यातल्या जाणकारांवर सोडलेलं. लंडनच्या सॅम्युअल पेपिसने १६५८ मध्ये असा खडा काढून घेतला, जगला, आणि पुढे दरवर्षी त्या तारखेला मेजवानी द्यायचा. ज्यांच्यात तेवढी हिंमत नव्हती ते औषधांमागे धावायचे. जोआना स्टीफन्स नावाच्या बाईंच्या "खडा विरघळवणाऱ्या" औषधाची कृती खुली व्हावी म्हणून ब्रिटिश संसदेने १७३९ साली कायदा करून ५,००० पौंड मंजूर केले. कृती निघाली काय, तर अंड्याची टरफलं, गोगलगायी, साबण वगैरे! आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पानफुटीच्या पानांचे मेसेज फिरतात तेव्हा मला ही बाई आठवते. (कुळथाचं कढण मात्र खुशाल प्या. कुळीथ अश्मरीवर आपल्याकडे फार जुना आहे. आणि काही नाही तरी वाटीभर पातळ पोटात जातं.)

पिशवीतला तो खडा मुख्यतः गरिबीचा होता. नुसतं धान्य, दूधदुभतं नाही, अशा घरातल्या पोरांना तो व्हायचा. रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरांनी १९२०-३० च्या सुमारास कुन्नूरच्या प्रयोगशाळेत उंदरांना असंच निकृष्ट खाणं देऊन खडे करून दाखवले, आणि त्याच खाण्यात दूध घातलं की खडे टळतात हेही दाखवलं. खाणं सुधारलं तसा मुलांमधला हा खडा जगभर कमी होत गेला. आता राज्य आहे किडनीतल्या खड्याचं, आणि तो खात्यापित्या घरातही होतो.

हा किडनीतला खडा जिवंत माणसात दिसू लागला तो क्ष-किरणांमुळे. राँटगेनने १८९५ च्या शेवटी शोध लावला आणि पुढच्याच वर्षी ग्लासगोत जॉन मॅकिंटायरने किडनीतल्या खड्याचा फोटो काढला. तरी फोटो काढायचा तो दुखतंय म्हणूनच. खरी गंमत केली सोनोग्राफीने. सोनोग्राफी म्हटलं की आपल्या राज्याला वेगळंच आठवतं. गर्भलिंगचाचणीवर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला, इतका त्या यंत्राचा गैरवापर झाला होता. पण तेच यंत्र तालुक्या-तालुक्यात पोचल्यामुळे पित्ताशय, अपेंडिक्स, काहीही बघायला गेलं की किडनीत बसलेला मुका खडाही दिसायला लागला. त्यातही मेख अशी, की बारीक खडा सोनोग्राफीत असतो त्यापेक्षा मोठा दिसू शकतो, कधी नसलेलाही दिसतो. त्यामुळे ऑपरेशनचा विषय निघाला तर आधी सीटी स्कॅनने खात्री करून घेतात.

तिसरी उडी उपचारांची. १९७६ मध्ये स्वीडनमधल्या डॉक्टरांनी पाठीतून छोटं भोक पाडून दुर्बिणीने खडा काढला. ७ फेब्रुवारी १९८० ला म्युनिकमध्ये ख्रिश्चन शॉसी यांनी बाहेरून धक्कालहरी सोडून माणसाच्या किडनीतला खडा फोडला. ते यंत्र बनवणारी डॉर्नियर ही विमानं बनवणारी कंपनी! मग लेझर आलं. सुश्रुताच्या काळात खडा काढणं इतकं भयंकर होतं की आधी राजाला विचारायचं. आता ते इतकं सोपं झालं की रोग्याला तरी नीट विचारतात का, अशी शंका येते. काकूंचं रडू इथून सुरू होतं.

मग नुसतं बघत बसायचं का? अमेरिकेतल्या १९९२ च्या एका अभ्यासात असे गप्प खडे असलेल्या १०७ जणांवर अडीचेक वर्षं लक्ष ठेवलं. साधारण एक तृतीयांश लोकांना त्रास झाला, दोन तृतीयांशांना काहीच झालं नाही. ब्रिटनमधल्या २००१ च्या अभ्यासात २२८ जण होते. काहींचे खडे धक्कालहरींनी आधीच फोडले, बाकीच्यांना नुसतं नजरेखाली ठेवलं. दोनेक वर्षांनी दोन्हीकडच्या त्रासात ठळक फरक नव्हता, मात्र नजरेखाली ठेवलेल्यांपैकी काहींना पुढे जास्त मोठे उपचार लागले. दुसरी बाजूही सांगतो. २०२२ च्या एका चाचणीत, ज्यांचं मोठ्या खड्याचं ऑपरेशन होणारच होतं त्यांच्यातल्या काहींचे ६ मिलिमीटरपर्यंतचे गप्प खडेही त्याच वेळी काढले. त्यांच्यात पुढे त्रास उलटण्याचं प्रमाण १६ टक्के, आणि ज्यांचे बारीक खडे तसेच सोडले त्यांच्यात ६३ टक्के. सुश्रुताचा चुरा आठवला ना? पण यातला "ऑपरेशन होणारच होतं" हा भाग विसरू नका. काका त्यात बसत नाहीत.

काकूंना मी एवढंच म्हणालो, की एफडी आज मोडू नका. रिपोर्ट घेऊन घाटीत दाखवा, दुसरं मत घ्या. घाटी १९५६ पासून अख्ख्या मराठवाड्याचं दुसरं मत आहे. लघवीची, रक्ताची तपासणी करा आणि सहा महिने-वर्षाने पुन्हा सोनोग्राफी. खडा वाढला, वारंवार जंतुसंसर्ग झाला, लघवीतून रक्त आलं किंवा पाठीतलं दुखणं जाईनाच, तर काढायचा विचार करावा. (अडवत नाही तो खडा दुखतच नाही, असं पूर्वी ठाम सांगायचे. आता काही डॉक्टर तेवढं ठाम सांगत नाहीत.) आणि कळ येऊन थंडी-ताप भरला, लघवी बंद झाली, उलट्या थांबेनात, किंवा माणसाला एकच किडनी असेल, तर मात्र रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. तिथे कढण-बिढण नाही.

मग काकूंनी तो प्रश्न विचारला जो इथे सगळेच विचारतात. "हे बोअरच्या पाण्यानेच झालं ना?"

आपलं बोअर काळ्या पाषाणातलं, पाणी जड, गिझरमध्ये पांढरा थर चढतो. तोच थर किडनीत चढतो, असं वाटणं साहजिक आहे. पण जड पाण्यामुळेच खडे होतात, असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. उलट १९९३ मध्ये ४५ हजारांवर पुरुषांच्या पाहणीत असं दिसलं, की जेवणातून कॅल्शियम जास्त घेणाऱ्यांना खडे कमी झाले. कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. म्हणून खडा निघाला की दूध-ताक बंद करणं चूक. टोमॅटोच्या बियांचं भयही फुकटचं, टोमॅटोत ऑक्झलेट कमीच असतं. पालक बेताने. आवरायचं असेल तर पापड, लोणचं, मिठात कालवलेला ठेचा आवरा, कारण मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं.

दोष पाणी कसं आहे यापेक्षा पाणी किती जातं याचा जास्त. इटलीत १९९ रुग्णांना पाच वर्षं पाहिलं. भरपूर पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, नेहमीसारखं पिणाऱ्यांत २७ टक्क्यांना. हल्ली सांगतात, दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी इतकं प्या. आमच्या उन्हाळ्यात, चिकलठाण्याच्या शेडमध्ये आठ तास घाम गाळणाऱ्याने मग किती प्यायचं, हिशोब करा. आणि प्यायल्यावर जायचं कुठे? आमच्या शाळेतल्या मॅडम सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत घोटभरही पाणी पीत नाहीत, कारण बाथरूमला पाणी नसतं. बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींचंही तेच.

मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर-ए-अंबरी केली तेव्हा डोंगरातलं पाणी उताराने आपलं आपण शहरात येत होतं. आता जायकवाडीवरून चढावर पंपाने आणावं लागतं. धरणाचं लोकार्पण १९७६ चं. समांतर जलवाहिनीचा करार २०१६ मध्ये रद्द झाला. १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. डॉक्टर म्हणतात, भरपूर पाणी प्या. आम्ही नळाचा वार विचारतो.

काकू घाटीत जाऊन आल्या. तिथे सांगितलं, सध्या काही करायचं नाही, पाणी वाढवा, सहा महिन्यांनी दाखवा. एफडी शाबूत आहे. त्यातले थोडे पैसे व्याज आल्यावर काढून काका गच्चीवर आणखी एक हजार लिटरची टाकी बसवणार आहेत.

तर मंडळी, तुमच्या गल्लीत सध्या कितव्या दिवशी पाणी येतं? कमेंटमध्ये वार आणि वेळ टाका.