बार्शी लाइट रेल्वेचा आरंभकाल

लोहमार्गांच्या इतिहासांत आरंभाची तिथि ठरविणें हें दिसतें तितकें सोपें काम नाहीं. मुंबई ते ठाणें हा २१ मैलांचा मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजीं खुला झाला हें शाळेंतील मुलासहि पाठ असतें. कारण त्या प्रसंगीं तोफा झडल्या आणि साऱ्या मुंबईचे डोळे त्या गाडीकडे लागले होते. परंतु मुख्य मार्गावरील एखाद्या स्टेशनापासून निघून वीस-पंचवीस मैलांवरील पेठेस जाऊन मिळणारे जे लहान लोहमार्ग, त्यांच्या जन्मकाळीं तोफा झडत नाहींत. त्यांची जन्मपत्रिका इतिहासकारास मागाहून मांडावी लागते. आणि मग कोणी एक साल धरतो, कोणी दुसरें. बार्शी लाइट रेल्वे हें याचें आमच्या प्रांतांतील उत्तम उदाहरण होय. तिच्या आरंभाविषयीं निदान चार टप्पे पुढें करतां येतात: एका इंजिनियराच्या मनांत योजना आली तो काळ, म्हणजे १८८० नंतरच्या दशकाचा उत्तरार्ध, लंडन येथें कंपनी स्थापन झाली तें १८९५ सालं, गाड्यांची चांचणी झाली तें १८९६ साल, आणि बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली तें १८९७ साल. हे चारहि टप्पे खरे आहेत. प्रश्न एवढाच कीं, त्यांपैकीं कोणत्यास आरंभ म्हणावें व तें कोणत्या प्रमाणावरून. याचा निर्णय करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखांत केला आहे. आणि त्या निर्णयाचा आमच्या संग्राहक मित्रांच्या कपाटांशीं काय संबंध पोंचतो, तेंहि अखेरीस सांगावयाचें आहे. आम्हांस लोहमार्गांचा छंद आहे हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु छंदानें प्रमाणाची जागा घेऊं नये, इतकी खबरदारी घेतली आहे.

प्रथम स्थलाचा विचार करूं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग पुण्याहून आग्नेयेकडे निघून १८६० मध्यें सोलापुरास पोंचला, व १८७१ मध्यें रायचुरास जाऊन मद्रासकडील मार्गास मिळाला. हा मार्ग बार्शीस सुमारें वीस मैल दूर ठेवून गेला. बार्शी ही इंग्रजी अमलांतील, परंतु निजामाच्या मुलुखास लागून असलेली कापूस व गळिताचीं धान्यें यांची मोठी पेठ. पलीकडील मराठवाड्याचा माल तेथें उतरे. मुख्य मार्गावर कुर्डुवाडी येथें जें स्टेशन झालें, त्यास 'बार्शी रोड' असें नांव मिळालें. लोहमार्गाच्या परिभाषेंत 'रोड' या शब्दाचा अर्थ एवढाच कीं, येथें उतरावें व पुढील वाट आपली आपण काढावी. पूर्वेस बार्शीकडे जाणारा व्यापारी येथें बैलगाडी करी, आणि दक्षिणेस सुमारें तीस मैलांवरील पंढरीस जाणारा यात्रेकरूहि येथेंच उतरून पायीं किंवा गाडीनें पुढें जाई. एकाच स्टेशनापाशीं कापसाचा गठ्ठा व विठ्ठलाचा भक्त असे दोघेहि खोळंबत. ह्या लोहमार्गाचें कारण असें स्थलांतच होतें. कोणाच्या लहरींतून तो निघालेला नाहीं.

अडीच फुटी रूळ हिंदुस्थानांत प्रथम बार्शीस आले, असें मात्र कोणीं समजूं नये. बडोद्याचे खंडेराव महाराज गायकवाड यांच्या कारकीर्दींत, १८६२ मध्यें, डभई ते मियागाम हा सुमारें २० मैलांचा मार्ग याच मापाचा बांधला गेला होता. त्यावरील डबे बैल ओढीत. कारण रूळ इतके हलके होते कीं, इंजिनाचा भार त्यांस सोसेना. पुढें १८७३ मध्यें अधिक मजबूत रूळ घालून तो मार्ग नव्यानें बांधावा लागला, तेव्हां कोठें इंजिनाची सोय झाली. मराठी सत्तेच्या एका शाखेनें केलेला हा उद्योग आमच्या इतिहासांत अधिक ठळकपणें नोंदला जावयास पाहिजे, हें तर खरेंच. परंतु प्रस्तुत विषयांत त्याचें महत्त्व निराळें आहे. लहान लोहमार्गाची खरी अडचण रुळांमधील अंतराची नसून रुळावरील भाराची आहे, हें डभईच्या उदाहरणावरून स्पष्ट होतें.

ही अडचण ज्यानें सोडविली त्याचें नांव एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७). रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यांत उमेदवारी करून व पुढें क्रू येथील रेल्वे कारखान्यांत अनुभव घेऊन हा गृहस्थ १८८२ मध्यें जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरींत इंजिनांचा तपासनीस म्हणून आला. मुख्य मार्गास लहान पोषक मार्गांची जोड दिल्यावांचून आंतल्या मुलुखाचा माल रुळावर येणार नाहीं, ही गोष्ट त्याच्या मनानें घेतली. त्यासाठीं त्यानें पाहणी केली, आणि १८८९ मध्यें नोकरी सोडली. लंडन येथें बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन होण्यास १८९५ साल उजाडलें, व कॅलथ्रॉप तिचा सल्लागार इंजिनियर झाला.

आतां त्याच्या योजनेचें मर्म पाहूं. रुळावरून जाणाऱ्या गाडीचें एकंदर वजन किती, हें रुळास कळत नाहीं; त्यास कळतो तो फक्त त्या क्षणीं त्याजवर असलेल्या आंसाचा भार. सामान्य पद्धतींत इंजिनाचा भार थोड्या आंसांवर एकवटलेला असे, व मागील डबे त्या मानानें हलके असत. त्यामुळें रूळ घालावयाचे ते इंजिनाच्या मानानें, आणि डब्यांखालीं त्यांची शक्ति बहुतांशीं फुकट जावयाची. कॅलथ्रॉपनें उलट नियम केला: इंजिन असो, मालाचा डबा असो, कीं उतारूंचा डबा असो, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडतां कामा नये, आणि होतां होईतों सर्व आंसांवर तो सारखाच पडावा. असें केलें म्हणजे दर यार्डास ३० पौंड वजनाचा, अर्थात् मीटरमागें सुमारें १५ किलोग्रॅमचा रूळ पुरतो. मुख्य मार्गावरील रूळ याच्या दुपटीहून अधिक जड असत. लीड्स येथील किट्सन कंपनीनें बार्शीसाठीं जीं पहिलीं पांच इंजिनें केलीं, त्यांस एकत्र जोडलेलीं आठ चाकें व मागें चार चाकें, म्हणजे एकूण सहा आंस होते. प्रत्येक आंसावर पांच टन धरले तर असलें इंजिन सुमारें तीस टनांचें होऊं शकतें. जेथें पूर्वीं बैल जुंपावे लागले, त्याच मापाच्या अरुंद मार्गावर तीस टनांचें इंजिन चालावें, हा फरक केवळ भार वांटून देण्याच्या हिशेबानें पडला. बोजा नीट वांटून भरला म्हणजे बैल थकत नाहीं, हें आमचा गाडीवानहि जाणतो. कॅलथ्रॉपनें तेंच पांच टनांच्या आंकड्यांत बांधलें.

हा हिशेब कागदावरच राहिला असता तर तो एक मनोरथ ठरता. परंतु लीड्स फोर्ज कंपनीनें दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्यांच्या सांगाड्यांचे डबे तयार केले, आणि १८९६ मध्यें लीड्सजवळ न्यूले येथें मुद्दाम घातलेल्या रुळांवर या गाडीसामानाची चांचणी झाली. म्हणजे बार्शीच्या गाडीचीं चाकें बार्शीच्या मातीपूर्वीं यॉर्कशायरमध्यें फिरलीं. त्यानंतर सामान जहाजांतून हिंदुस्थानांत आलें, व १८९७ मध्यें बार्शी रोड ते बार्शी हा सुमारें २१ मैलांचा मार्ग सुरू झाला.

मीमांसक ग्रंथाचें तात्पर्य ठरवितांना जीं लिंगें पाहतात, त्यांत उपक्रमाबरोबर अपूर्वता व फल यांचीहि गणना आहे. केवळ पहिलें पान पाहून तात्पर्य ठरत नाहीं. अन्यत्र न मिळणारी अशी कोणती गोष्ट हा ग्रंथ सांगतो, हें पाहावें लागतें. ही कसोटी येथें लावूं. १८८० नंतरच्या दशकांतील योजना हा संकल्प होय. संकल्प अनेकांचे असतात. १८९५ ची कंपनी हा अधिकार होय. कंपन्याहि पुष्कळ निघतात, आणि त्यांतील कित्येक कागदावरच विरतात. १८९७ ची गाडी हें फल होय. अपूर्वता जी आहे ती समान भाराच्या नियमांत आहे, आणि तो नियम प्रत्यक्ष सिद्ध झाला तो १८९६ च्या प्रयोगांत. यास्तव कोष्टकांत मार्ग खुला झाल्याचें साल म्हणून १८९७ हेंच लिहावें. परंतु ह्या लोहमार्गाचा आरंभ कोणता असें विचारल्यास १८९६ हें साल सांगावें, असें आमचें मत आहे.

यावर आक्षेप येईल कीं, दख्खनच्या लोहमार्गाचा आरंभ परदेशांत कसा मानावा? आमच्या वाचकांस हा आक्षेप भारी वाटूं नये. ग्रंथ एका गांवीं रचला जातो व त्याची उत्तम पोथी दुसऱ्याच गांवीं सांपडते, हें आपण नित्य पाहतों. शिवाय येथें प्रतींचा प्रवास उलटाहि झाला आहे. इंग्लंडांत स्टॅफर्डशायर परगण्यांत १९०४ मध्यें लीक अँड मॅनिफोल्ड नांवाचा लहान लोहमार्ग निघाला. त्याचेंहि माप अडीच फूट व त्याचा इंजिनियरहि कॅलथ्रॉपच. बार्शीचा अनुभव तेथें उपयोगास आला. तो मार्ग १९३४ मध्यें बंद पडला. बार्शीचा मार्ग मात्र त्यानंतरहि दोन पिढ्या चालला.

परंतु या निर्णयानेंच एक उणीव उघडी पडते, आणि आमच्या लेखाचा खरा हेतु तेथें आहे. संकल्प, अधिकार व प्रयोग या तीन टप्प्यांचा पुरावा इंग्रजींत आहे. चौथा टप्पा जो आपला, म्हणजे गाडी आल्यानें पेठेचें व वारीचें काय झालें, त्याचा पुरावा मराठी कागदांतच मिळावयाचा. १८९७ हें साल तर दुष्काळाचें व प्लेगचें; पुण्यांत रँडचा वध व टिळकांवरील खटला याच वर्षांतले. अशा वर्षीं बार्शीस पोंचलेल्या लहान गाडीची साक्ष वर्तमानपत्रांपेक्षां वहींत अधिक शोधावी लागेल.

पुढें हा मार्ग १९०६ मध्यें पंढरपुरास, १९११ मध्यें लातुरास व १९२७ मध्यें मिरजेस पोंचून एकंदर २०२ मैलांचा झाला. त्या काळीं पंढरपूर इंग्रजी अमलांत, लातूर निजामाच्या राज्यांत, मिरज पटवर्धनांच्या संस्थानांत आणि कंपनी लंडनची. तेव्हां एका लहान लोहमार्गाचे कागद शोधावयाचे ते चार दरबारांच्या दप्तरांत. १ जानेवारी १९५४ रोजीं भारत सरकारनें हा मार्ग विकत घेतला. आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या सुमारें दहा वर्षांत तो टप्प्याटप्प्यानें रुंदमापी झाला. रुंद मार्गास उस्मानाबाद, म्हणजे आजचें धाराशिव, जोडण्यासाठीं जुनी वाट सोडून नवीन वळण दिलें गेलें. अरुंद रूळ तर गेलेच, पण कांहीं भागांत मूळ मार्गरेषाहि चालू मार्गाची राहिली नाहीं. अशा वेळीं कागद हाच मार्ग उरतो.

आणि येथें आमच्या मंडळींस दोन शब्द स्पष्ट सांगणें भाग आहे. आम्हां संशोधकांच्या मनांत १८१८ हें साल एखाद्या गांवच्या वेशीसारखें उभें आहे. वेशीच्या आंतला चिटोरा आपण जपतों, आणि वेशीबाहेरचा रुमाल रद्दींत जाऊं देतों. मोडी लिपि तर विसाव्या शतकांतहि व्यापाऱ्यांच्या वह्यांत चालू होती. तेव्हां बार्शी, लातूर येथील एखाद्या आडत्याच्या घरची १८९० ते १९०० या काळांतील रोजकीर्द हातीं आली, तर ती 'अलीकडची' म्हणून परत करूं नये. तिच्यांत बार्शी रोडपर्यंतच्या गाडीभाड्याची रक्कम कोणत्या महिन्यापासून घटते व रेल्वेच्या हंशिलाची रक्कम कोणत्या महिन्यापासून चढते, एवढें जरी उतरून काढलें, तरी पेठेच्या दृष्टीनें लोहमार्गाचा आरंभ केव्हां झाला, तें कळेल; व तें साल १८९७ च असेल असें गृहीत धरण्याचें कारण नाहीं. तसेंच पंढरपूर येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत १९०६ च्या अलीकडील व पलीकडील आषाढी-कार्तिकीच्या नोंदी गांववार मोजल्या, तर गाडीनें वारीचा पल्ला किती वाढविला, हें अनुमानानें न सांगतां आंकड्यांनीं सांगतां येईल. भूमिसंपादनाच्या नोटिसा, जुनीं वेळापत्रकें, तिकिटें, शेअरांचे दाखले, स्टेशनांच्या नोंदवह्या ह्याहि त्याच कोटींतील वस्तु होत.

असा कागद ज्यांच्या दृष्टीस पडेल त्यांनीं निदान चार गोष्टी टिपून ठेवाव्या: तो कोणत्या घरचा, कोणत्या लिपींत, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचा, आणि त्याचीं पानें एकंदर किती. मूळ कागद मालकाकडेच राहूं द्यावा. नक्कल किंवा छायाचित्र आपणांस पुरे आहे. तीस पौंडी रुळांची गति भंगाराच्या काट्यावर लागली; त्याच मार्गाच्या वह्यांचीहि तीच गति होऊं द्यावयाची कीं काय, हें रेल्वेनें नव्हे, आपण ठरवावयाचें आहे.