शिंगाळ्याची कुळकथा

धावडा हे भोकरदन तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचं गाव. या तालुक्याचं पाणी पूर्णेला मिळतं आणि पूर्णा पुढे गोदावरीला. गोदावरीच्या डोहांत लांब मिशांचा, बिनखवल्यांचा शिंगाळा असतो. शास्त्राच्या पोथीत त्याचं नाव ‘स्पेराटा सीनघाला’. लॅटिन वळणाचं असलं, तरी त्यातला ‘सीनघाला’ म्हणजे आपला शिंगाळाच.

हे नाव त्या पोथीत नेलं विल्यम हेन्री साइक्सने. मुंबई सरकारने १८२४ साली या लष्करी अधिकाऱ्यावर दख्खनची पाहणी सोपवली. शेती, लोकसंख्या, हवामान नोंदवता नोंदवता त्याने भीमेचे, मुळा-मुठेचे मासेही जमवले. १८३९ साली त्यांची वर्णनं लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तांतात छापून आली. बऱ्याच माशांना त्याने इथलीच नावं ठेवली: खुड्री, कोळुस, फुलुंगी, मळ्या, शिंगटी, इचकिया.

जातीचं नाव असं घरातलं, पण कुळ कुठलं द्यायचं? तेव्हा मिशीवाल्या माशांची नवी वर्गवारी आली होती ती ब्राझीलहून. निसर्ग-अभ्यासक स्पिक्स आणि मार्टियस १८१७ ते १८२० तिथे हिंडले. स्पिक्सच्या मृत्यूनंतर त्याच्या माशांचं काम तरुण लुई अगासीने हाती घेतलं. ‘प्लॅटिस्टोमा’ आणि ‘फ्रॅक्टोसेफॅलस’ ही कुळं त्याने १८२९ साली मांडली, ती दक्षिण अमेरिकेतल्या माशांवरून. साइक्सने शिंगाळ्याला पहिल्या कुळात घातलं; कुटुर्नी, गोग्रा आणि इचकिया यांना दुसऱ्यात. भीमेचे मासे कागदावर ॲमेझॉनचे भाऊबंद झाले!

पुढच्या अभ्यासात हे नातं टिकलं नाही. शिंगाळा ‘स्पेराटा’त गेला, कुटुर्नी आणि गोग्रा ‘रिटा’त, इचकिया ‘गगाटा’त. मळ्याही आधीचं कुळ सोडून ‘गारा’त आला. कुळं बदलली तरी जातीचं नाव हलत नाही, कारण पहिल्यांदा रीतसर छापलेल्या नावाचा मान राखायचा, असा प्राणिशास्त्राचा नियम आहे. मला यात भोई-कोळ्यांच्या ज्ञानाचा मोठा सन्मान दिसतो. युरोपातून आणलेले कप्पे चुकले. नदीकाठी रोज मासा हाताळणाऱ्यांनी वेगळा ओळखून हाक मारलेला मासा मात्र वेगळाच ठरला.

त्याच नियमाने एक उलटी गफलतही जपली आहे. जर्मन संशोधक ब्लॉखने १७९४ साली एका माशाला मलबारचा समजून ‘मलाबारिकस’ म्हटलं. तो होता दक्षिण अमेरिकेचा. ब्राझीलमध्ये त्याला त्राइरा म्हणतात. शास्त्रात तो आजही ‘होप्लियास मलाबारिकस’च आहे.