उच्च माध्यमिक शिक्षकांचे प्रशिक्षण : मुंबई उपनगरे

एकेकाळी महाविद्यालयात शिकविला जाणारा अभ्यासक्रम माध्यमिक शाळेतील शिक्षकास शिकविता यावा, म्हणून त्याची विषयज्ञानात व अध्यापनपद्धतीत करून घेतलेली तयारी. महाराष्ट्रात या प्रश्नास प्रत्यक्ष स्वरूप आले ते १९७५ मध्ये अकरावी व बारावी हा स्वतंत्र टप्पा अस्तित्वात आल्यावर. मुंबईच्या उपनगरांत अनेक शाळा व महाविद्यालये एकाच शिक्षणसंस्थेच्या छत्राखाली वाढलेली असल्याने तेथे हा प्रश्न विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

पूर्वपीठिका : मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. मॅट्रिक ही विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा असल्याने शाळा कोठे संपते व महाविद्यालय कोठे सुरू होते, हे विद्यापीठच ठरवीत असे. कलकत्ता विद्यापीठ आयोगाने (१९१७–१९), म्हणजेच सॅडलर आयोगाने, या सीमारेषेचा प्रथम मूलगामी विचार केला. शाळा व विद्यापीठ यांमधील खरी सीमा मॅट्रिक नसून इंटरमीजिएट ही होय, असे मत त्याने मांडले आणि इंटरमीजिएटचे वर्ग विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र संस्थांकडे सोपविण्याची शिफारस केली. मुंबई इलाख्यात तिचा फारसा परिणाम झाला नाही. शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून स्वतंत्र मंडळाकडे गेली, तरी अकरा वर्षांची शाळा व चार वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम ही मांडणी पुढेही कायम राहिली.

या काळात शिक्षकांचे दोन स्वतंत्र वर्ग निर्माण झाले. १९०६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या माध्यमिक प्रशिक्षण महाविद्यालयापासून शाळेतील शिक्षकाच्या व्यावसायिक शिक्षणाची परंपरा सुरू झाली. पाठाचे टाचण, सराव-पाठ, बालमानसशास्त्र व शाळेचे व्यवस्थापन यांचे शिक्षण त्याला मिळे. त्याचे विषयज्ञान मात्र बहुधा पदवीपर्यंतचेच असे. याउलट महाविद्यालयीन अध्यापक एम.ए. किंवा एम.एस्‌सी. असे, परंतु कसे शिकवावे, याचे कोणतेही शिक्षण त्याला मिळत नसे. ज्याला विषय येतो त्याला तो शिकविताही येतो, असे विद्यापीठीय क्षेत्रात गृहीत धरले जाई.

नवा आकृतिबंध : डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) सर्व देशासाठी १०+२+३ या आकृतिबंधाचा पुरस्कार केला. मराठी शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. पदवीपूर्व वर्ग विद्यापीठे व महाविद्यालये यांच्याकडून काढून माध्यमिक शाळांकडे न्यावेत आणि हे संक्रमण १९७५-७६ पर्यंत पूर्ण व्हावे, अशी आयोगाची अपेक्षा होती. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने हा आकृतिबंध मान्य केला. महाराष्ट्रात १९७२ पासून आठवीच्या वर्गापासून नवा अभ्यासक्रम लागू होत गेला. मार्च १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली व त्याच वर्षी जूनमध्ये अकरावीचे वर्ग सुरू झाले.

या बदलाचे गणित लक्षात घेण्याजोगे आहे. जुनी अकरा अधिक चार व नवी दहा अधिक दोन अधिक तीन या दोन्हींची बेरीज पंधराच होते. वर्षांच्या हिशेबाने पाहता महाविद्यालयाकडून नव्या टप्प्याकडे आले ते एकच वर्ष. दुसरे वर्ष शाळेचे होते. परंतु हे वर्ग मोठ्या प्रमाणावर महाविद्यालयांनाच जोडले गेल्यामुळे ज्या शाळांना ते मिळाले नाहीत, त्यांचे अकरावे वर्ष हातचे गेले. पदवी-अभ्यासक्रमातील एक वर्ष कमी झाल्याने महाविद्यालयांतील अध्यापकांचा कार्यभार घटणार होता आणि तयार प्रयोगशाळा व ग्रंथालये त्यांच्याकडेच होती, ही त्यामागील मुख्य कारणे होत. वर्षानुवर्षे अकरावीच्या मॅट्रिकच्या वर्गास शिकविलेला शिक्षक नव्या अकरावीसाठी केवळ पदवीच्या आधारे पात्र ठरेना. टप्पा शाळेकडे यावा म्हणून झालेल्या सुधारणेने शाळेतील शिक्षकाचे क्षेत्र अनेक ठिकाणी आकुंचित केले.

उपनगरांतील स्थिती : मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये व पुन्हा १९५७ मध्ये वाढून दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली. अंधेरी-बोरिवली व घाटकोपर-मुलुंड या दोन्ही रेल्वेमार्गांवर मध्यमवर्गीय व कामगार वस्ती झपाट्याने वाढली आणि तिच्या मागोमाग शिक्षणसंस्थाही आल्या. अंधेरीचे भवन्स महाविद्यालय १९४६ मधील आहे. पार्ले टिळक विद्यालय (१९२१) या शाळेपासून वाढत गेलेल्या संस्थेने विलेपार्ले येथे १९५९ मध्ये पार्ले महाविद्यालय (पुढील काळातील साठ्ये महाविद्यालय), १९६० मध्ये डहाणूकर वाणिज्य महाविद्यालय आणि १९७० मध्ये मुलुंड येथे वाणिज्य महाविद्यालय काढले. घाटकोपर येथे हिंदी विद्या प्रचार समितीने १९६३ मध्ये रामनिरंजन झुनझुनवाला महाविद्यालय सुरू केले, तर मुलुंडचे वझे महाविद्यालय १९८४ मध्ये निघाले.

कनिष्ठ महाविद्यालयांचे तीन प्रकार राज्यात रूढ झाले : पदवी महाविद्यालयास जोडलेले, माध्यमिक शाळेस जोडलेले आणि स्वतंत्र. पहिल्या प्रकारात विषयज्ञ परंतु अप्रशिक्षित, तर दुसऱ्यात प्रशिक्षित परंतु विषयाच्या उच्च शिक्षणास पारखा असा शिक्षक ही सर्वसाधारण अडचण होती.

प्रशिक्षणाचे मार्ग : या अडचणीवर शासनाने योजलेला उपाय अर्हतांच्या बेरजेचा होता. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम १९७७ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांच्या कक्षेत कनिष्ठ महाविद्यालयेही आली. संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी व तिच्या जोडीला शिक्षणशास्त्राची पदवी, अशी अपेक्षा रूढ होत गेली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनेही पुढे उच्च माध्यमिक शिक्षकासाठी हीच जोड-अर्हता विहित केली.

माध्यमिक शिक्षकास वर चढण्याचा मार्ग यामुळे खुला झाला, पण तो सर्वांना सारखा सुगम नव्हता. मराठी, इतिहास किंवा अर्थशास्त्र शिकविणारा शिक्षक नोकरी सांभाळून एम.ए. होऊ शके, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये सुरू केलेल्या पत्रद्वारा शिक्षणाने असा अभ्यास अधिक सुलभ झाला. भौतिकी वा रसायनशास्त्राच्या शिक्षकास मात्र एम.एस्‌सी.साठी प्रयोगशाळेत नियमित उपस्थिती आवश्यक असे. पूर्ण वेळ शाळा करून ती साधणे कठीण होते. शिवाय विज्ञानशाखेचे माध्यम मुख्यतः इंग्रजी असल्याने मराठी माध्यमाच्या शिक्षकास विषयाबरोबर परिभाषाही बदलावी लागे.

बी.एड.च्या शिक्षणातही उणीव राहिली. तेथील सराव-पाठ प्रामुख्याने पाचवी ते दहावीच्या वर्गांवर होत. कलन, पुस्तपालन, तर्कशास्त्र किंवा मानसशास्त्र सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना कसे शिकवावे, याचा विचार त्यांत क्वचितच होई. विषय व अध्यापनपद्धती यांचे एकात्म शिक्षण देण्याचा प्रयोग राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९६३ पासून अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथील प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांत केला; परंतु चार संस्थांतून देशाची गरज भागणे शक्य नव्हते. त्याच सुमारास अमेरिकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या उन्हाळी विज्ञान संस्थांनी शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांना काही आठवड्यांचे विषयज्ञान दिले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत १९७४ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे मानखुर्द येथे स्थिरावलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने शिक्षकाच्या विषयज्ञानाचा व विद्यार्थ्यांच्या अडचणींचा एकत्रित अभ्यास केला, हे या क्षेत्रातील महत्त्वाचे कार्य होय.

तुलना : अमेरिकेत १९५५ पासून महाविद्यालयीन पातळीचे निवडक अभ्यासक्रम माध्यमिक शाळांतून शिकविले जाऊ लागले. १९७० नंतर सिरॅक्यूज विद्यापीठाने शाळांतील शिक्षकांनाच उन्हाळ्यात प्रशिक्षण देऊन आपले अभ्यासक्रम त्यांच्याकडे सोपविले व पुढेही त्यांच्याशी संपर्क ठेवला. तेथे अभ्यासक्रमाची जबाबदारी विद्यापीठाकडेच राहिली. महाराष्ट्रात अभ्यासक्रम परीक्षा मंडळाकडे, नेमणूक संस्थेकडे व पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाकडे असल्याने शिक्षकाच्या सततच्या तयारीचे उत्तरदायित्व कोणा एकाकडे आले नाही.

समालोचन : मुंबईत २००९ पासून अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाईन पद्धतीने होऊ लागले आणि पसंतिक्रम भरताना महाविद्यालयांस जोडलेले वर्ग व शाळांस जोडलेले वर्ग विद्यार्थ्यांसमोर एकाच यादीत आले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने नववी ते बारावी हा एकच माध्यमिक टप्पा कल्पिला असून चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक-शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. सॅडलर व कोठारी या दोन्ही आयोगांपुढे असलेला प्रश्न त्यामुळे पुन्हा उपस्थित झाला आहे. १९७५ च्या अनुभवातून एवढे निश्चितपणे दिसते, की वर्ग एका इमारतीतून दुसरीकडे नेणे हे प्रशासनाचे काम असून ते अल्पावधीत होऊ शकते. त्या वर्गास योग्य असा शिक्षक घडविणे हे त्याहून वेगळे व दीर्घकाळ चालणारे काम आहे. ते दोन पदव्यांच्या बेरजेवर सोपविले गेल्याने, विषयज्ञान व अध्यापनकला यांचा मेळ घालण्याचा भार बव्हंशी एकट्या शिक्षकावर पडला.