ब्राउझर-सुसंगती (बीदर–कलबुर्गी सीमाभाग)

ब्राउझर-सुसंगती : वेब-पान कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडले तरी त्यातली अक्षरे, मांडणी आणि व्यवहार बिघडू नयेत, हा गुण. ब्राउझरला मराठीत ‘न्याहाळक’ असा पर्यायी शब्द आहे. पण नेट सेंटरपासून सरकारी कचेरीपर्यंत ‘ब्राउझर’च रूढ आहे. पान लिहिणारा आणि ब्राउझर बनवणारा यांची कधी गाठ पडत नाही. दोघांनी पाळायचा लेखी करार म्हणजे वेब मानके. करार असूनही पाने बिघडतात, कारण पान लिहिणारा बहुधा करार वाचत बसत नाही. आपल्या संगणकावरच्या ब्राउझरमध्ये पान नीट दिसले की त्याचे काम संपते. म्हणून नव्या ब्राउझरला मानकांबरोबर जुन्या ब्राउझरांच्या सवयीही उचलाव्या लागतात. कर्नाटकातील बीदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत या प्रश्नाला लिप्यांचा आणि दोन राज्यांच्या कागदपत्रांचा पदर जोडला जातो.

प्रदेश आणि लिप्या : हे दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेला; बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला. गुलबर्ग्याचे अधिकृत नाव २०१४ मध्ये कलबुर्गी झाले. भालकी, औराद, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांत मराठी बोलणारी मोठी वस्ती आहे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि निजामकाळातल्या मिळकतीचे कागद उर्दूत, अशी येथील रीत आहे. पूर्वेला तेलंगणाची हद्द असल्याने तेलुगूही कानावर पडते. त्यामुळे येथील ब्राउझरला कन्नड, देवनागरी आणि उर्दूचे नस्तालीक अशी तीन वळणे रोज पेलावी लागतात. त्यांतले नस्तालीक उजवीकडून डावीकडे चालते आणि ओळीत तिरके उतरत जाते.

मानकांची जडणघडण : टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर लिहिला. मानके ठरवण्यासाठी १९९४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम स्थापन झाले. पण त्याच सुमारास नेटस्केप आणि पाठोपाठ इंटरनेट एक्सप्लोरर यांच्यात चढाओढ लागली. प्रत्येकाने स्वतःच्या खास सोयी काढल्या आणि पाने त्या त्या ब्राउझरपुरती लिहिली जाऊ लागली. पुढे मानके पाळायची ठरली, तेव्हा जुन्या चुकांवर बेतलेली असंख्य पाने वाटेत उभी होती. ती मोडू नयेत म्हणून ब्राउझरांत ‘क्वर्क्स मोड’ आला: पानाच्या सुरुवातीला योग्य घोषणा नसेल, तर ते जुन्या चुकांसकट दाखवायचे. ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये व्हॉटडब्ल्यूजी हा गट निघाला. ब्राउझर प्रत्यक्षात जे करतात, तेच नेमक्या शब्दांत लिहून काढायचे, हे त्याचे सूत्र होते. वेब-पाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलचे ‘जिवंत मानक’ २०१९ पासून कन्सॉर्शियमशी झालेल्या समझोत्याने याच गटाकडे आहे.

सवयी मानकांत कशा शिरतात, याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. प्रत्येक ब्राउझर संकेतस्थळाला आपली ओळख सांगतो. आज जवळपास सर्वच ब्राउझर या ओळखीची सुरुवात ‘मोझिला’ या शब्दाने करतात. नेटस्केपच्या काळात हा शब्द असलेल्यांनाच चांगली पाने मिळत. इतरांनी ते नाव लावले आणि पुढे कोणालाच ते सोडता आले नाही. दुसरे उदाहरण २०१८ चे. जावास्क्रिप्टमध्ये ‘फ्लॅटन’ नावाची नवी सोय येणार होती. पण मूटूल्स या जुन्या संग्रहाने तेच नाव आधी वापरले होते आणि त्यावर उभी असलेली पाने मोडली असती. शेवटी नव्या सोयीचे नाव ‘फ्लॅट’ ठेवावे लागले.

अक्षरांची सुसंगती : भारतीय भाषांत बिघाड मांडणीच्या आधी अक्षरातच होई. सर्व लिप्यांसाठीच्या युनिकोड या मानकाची पहिली आवृत्ती आणि भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे मानक, दोन्ही १९९१ ची. पण विंडोजला देवनागरी जुळवता येऊ लागली ती २००० च्या आवृत्तीपासून आणि कन्नड त्यानंतर, एक्सपी आवृत्तीत. तोपर्यंत मराठी आणि कन्नड पाने इंग्रजी अक्षरांच्या जागी स्वतःच्या खुणा बसवलेल्या फॉन्टवर चालत. तो फॉन्ट संगणकावर नसेल, तर ‘कचेरी’च्या जागी रोमन अक्षरांचा खिचडा दिसे. फॉन्ट पानाबरोबर आपोआप उतरावा म्हणून ‘डायनॅमिक फॉन्ट’ निघाले, तर त्यांचेही दोन पंथ झाले: एक इंटरनेट एक्सप्लोररचा, दुसरा नेटस्केपचा. फायरफॉक्स वापरणाऱ्यांसाठी ‘पद्मा’ नावाची जोडणी होती. ती अशा जुन्या खुणा ओळखून मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवी. पानाबरोबर फॉन्ट पाठवण्याची एकच सर्वमान्य रीत, वॉफ, २०१२ मध्ये मानक झाली.

युनिकोड आल्यावरही कन्नड आणि मराठीचे बारकावे उरलेच. मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दातला चंद्रकोरीसारखा रकार युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन, किंवा साध्या ‘र्’पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण साध्या शोधात एक लिहिले तर दुसरे सापडेलच असे नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ती प्रमाण ठरवली आहेत. पानाने आपली भाषा मराठी असल्याचे सांगितले, फॉन्टमध्ये ती वळणे असली आणि ब्राउझरने तो निरोप फॉन्टपर्यंत पोचवला, तरच ती उमटतात. साखळीतली एक कडी तुटली की अक्षर हिंदी वळणाचे होते.

कन्नडमध्ये जोडाक्षरातले दुसरे व्यंजन बहुधा खाली लिहितात. त्याला ‘ओत्तक्षर’ म्हणतात. रफार अक्षराच्या डोक्यावर न जाता उजवीकडे बसतो. त्याचे नाव ‘अर्कावत्तु’. म्हणजे ‘कर्नाटक’ हा एकच शब्द दोन लिप्यांत जुळवताना ब्राउझरला रकार दोन वेगळ्या जागी न्यावा लागतो. देवनागरीवर बेतलेली ओळींची उंची कन्नड ओत्तक्षरांना अपुरी पडते, नस्तालीकला तर फारच. एका ओळीत मराठी नाव, कन्नड गावाचे नाव आणि उर्दू शब्द आले, की दिशा बदलण्याचे नियमही लागू होतात. मधला कंस किंवा सर्व्हे क्रमांक कोणत्या बाजूला जाईल, ते त्यावर ठरते.

अक्षर म्हणजे नेमके काय, हाही मानकांचा प्रश्न आहे. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करायचे असेल आणि शब्द ‘स्त्री’ असेल, तर मराठी वाचकाच्या दृष्टीने ‘स्त्री’ हे एकच अक्षर. युनिकोडच्या जुन्या नियमाने मात्र ते तीन तुकडे. २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीने देवनागरी आणि तेलुगूसह सहा भारतीय लिप्यांसाठी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम केला. कन्नड त्या सहांत नव्हती. त्यामुळे नियम तंतोतंत पाळणारा ब्राउझरही एकाच पानावर देवनागरी जोडाक्षर अखंड धरतो आणि त्याच्या शेजारचे कन्नड जोडाक्षर तोडतो.

कागदपत्रे आणि डिजिटल सही : सीमाभागात ब्राउझरची खरी गरज कागदांसाठी पडते. कर्नाटकाच्या ‘भूमी’ योजनेत सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या २ कोटी जमीन-नोंदी संगणकावर आल्या. २००१ च्या सुमारास तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत मिळू लागलेला या नोंदींचा उतारा येथे ‘पहाणी’ म्हणून ओळखला जातो आणि तो कन्नडमध्ये असतो. हद्दीपलीकडे त्याच कामाचा कागद सातबारा. डिजिटल सहीचा सातबारा महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून मिळतो. शेत एका राज्यात आणि वाटेकरी दुसऱ्या राज्यात, अशा घरांना दोन्ही संकेतस्थळे उघडावी लागतात. इकडे ‘ग्राम वन’ किंवा नाडकचेरी, तिकडे महा-ई-सेवा केंद्र अशा धावपळीत लोक ‘साइट चालत नाही’ म्हणतात, तेव्हा दोष सर्व्हरचा, फॉन्टचा की ब्राउझरचा, हे त्यांना कळायला मार्ग नसतो.

सहीचा प्रश्न वेगळा आणि अधिक चिवट आहे. यूएसबी टोकनमधल्या प्रमाणपत्राने पानावर सही करण्याची एकमान्य सोय वेब मानकांत नव्हती. म्हणून ई-निविदांसारख्या कामांसाठी इंटरनेट एक्सप्लोररचे ॲक्टिव्हएक्स किंवा जावा ॲपलेट हे ब्राउझरमध्ये चालणारे जोड-कार्यक्रम वापरले गेले. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये ॲपलेटांचा मार्ग बंद केला. इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार १५ जून २०२२ रोजी संपला. त्यापुढे संगणकावर वेगळा सही-कार्यक्रम बसवण्याची पद्धत आली.

प्रमाणपत्रांवर विश्वास कोणी ठेवायचा, हा त्यातलाच वाद. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार भारतात प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक हे पद आहे आणि देशातली मूळ प्रमाणपत्रे त्यांच्या अखत्यारीत येतात. जुलै २०१४ मध्ये या मूळ प्रमाणपत्रांवर उभ्या असलेल्या साखळीतील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्राधिकरणाकडून गुगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे उघडकीस आले. त्यानंतर क्रोमने या साखळीवरचा विश्वास मोजक्या क्षेत्रनामांपुरता मर्यादित केला. देशाच्या कायद्याने ग्राह्य असलेली सही परदेशी ब्राउझरला ओळखीची नाही, हा पेच तेव्हापासून ठळक झाला.

भारतीय ब्राउझर : बंगळूरच्या हिडन रिफ्लेक्स या कंपनीने २०१० मध्ये ‘एपिक’ आणला. तो फायरफॉक्सवर बेतलेला होता आणि त्यात १२ भारतीय भाषांत टंकन करता येई. २०१३ मध्ये त्याने क्रोमियमची, म्हणजे गुगलच्या क्रोमचा पाया असलेल्या मुक्त प्रकल्पाची, वाट धरली आणि भर खासगीपणावर दिला. ९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने भारतीय वेब ब्राउझर विकास स्पर्धा जाहीर केली. तिची एकूण तरतूद ३.४१ कोटी रुपयांची होती आणि सी-डॅकचे बंगळूर केंद्र तिचे काम पाहत होते. भारतीय मूळ प्रमाणपत्रांवर विश्वास, ब्राउझरमधूनच टोकनने सही आणि भारतीय भाषांची सोय या तिच्या मुख्य अपेक्षा होत्या. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला. पहिले १ कोटीचे पारितोषिक झोहो कॉर्पोरेशनला, दुसरे ‘पिंग’ गटाला आणि तिसरे ‘अज्ञ’ गटाला मिळाले. झोहोचा ‘उला’ हा ब्राउझर २०२३ मध्ये आला होता. तोही क्रोमियमवर उभा आहे.

इंजिन आणि नवे प्रयत्न : पान वाचून पडद्यावर उमटवणाऱ्या भागाला इंजिन म्हणतात. आज ठळक वापरात तीनच इंजिने आहेत: गुगलचे ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे प्रेस्टो सोडले. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एज क्रोमियमवर नेला. एवढ्या मोठ्या कंपनीनेही माघार घ्यावी, यावरून सुसंगतीचा खर्च लक्षात येतो. क्रोमियम घेतले की सवयींसकट सुसंगती आयती मिळते. मात्र वळण बदलण्याचा अधिकार मूळ मालकाकडेच राहतो.

कोऱ्या पाटीवर सुरुवात करणाऱ्यांत लेडीबर्ड हा ब्राउझर लक्षवेधी आहे. आंद्रेआस क्लिंग यांच्या सेरेनिटीओएस या प्रकल्पातून तो निघाला आणि जुलै २०२४ मध्ये त्यासाठी ना-नफा संस्था जाहीर झाली. मोझिलात २०१२ मध्ये सुरू झालेले सर्वो हे इंजिन आता लिनक्स फाउंडेशन युरोपच्या छत्राखाली आहे. अशा इंजिनांसाठी अक्षरजुळणीचे काम हार्फबझ या मुक्त संग्रहामुळे सुकर झाले आहे. क्रोम आणि फायरफॉक्सही तोच वापरतात. त्यामुळे नव्या इंजिनाला कन्नड ओत्तक्षर शून्यापासून शिकवावे लागत नाही. ओळ तोडणे, फॉन्ट निवडणे, कर्सर हलवणे ही कामे मात्र त्याची त्यालाच करावी लागतात.

कसोट्या : ॲसिड-२ (२००५) आणि ॲसिड-३ (२००८) या गाजलेल्या जुन्या कसोट्या. आज वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स हा सामाईक संच प्रमाण मानतात. त्यातील उपचाचण्या वीस लाखांच्या घरात आहेत. युरोपीय संघात आयफोनवर दुसरे इंजिन आणायचे, तर या संचातील ९० टक्के चाचण्या पार कराव्यात, अशी ॲपलची अट आहे. टक्का मोजताना सर्व चाचण्यांचे वजन सारखेच धरले जाते. उरलेल्या दहा टक्क्यांत भारतीय लिप्यांच्या चाचण्या असल्या, तरी गुणपत्रिका उत्तमच दिसते.

मूल्यमापन : या सीमाभागापुरती कसोटी लहान आणि कडक आहे. कन्नड पहाणी, मराठी सातबारा आणि नस्तालीकमधला एक उर्दू परिच्छेद एकाच ब्राउझरमध्ये उघडावेत. अक्षरे वाचावीत, नाव शोधावे, सही तपासावी आणि छापील प्रत पडद्याशी ताडून पाहावी. आतापर्यंत पारितोषिके मिळाली ती प्रामुख्याने सही आणि सुरक्षेवर भर देणाऱ्या ब्राउझरांना. भारतीय लिप्यांना केंद्रस्थानी ठेवून मुळापासून लिहिलेले, सर्वसामान्यांच्या वापरात आलेले इंजिन मात्र अद्याप झालेले नाही.