जुन्या सायकलचा रंग : खरवडायचा की राखायचा?

अडगळीतून जुनी सायकल बाहेर निघाली की पहिला सल्ला ठरलेला असतो. पॉलिशपेपर मारा, काळा रंग चढवा, नव्यासारखी दिसेल. सल्ला देणाऱ्याची नियत चांगलीच असते. पण ज्याला इतिहासाची थोडीफार गोडी आहे, त्याने रंगाचा डबा उघडण्यापूर्वी त्या सायकलवर आज काय काय लिहिलेले आहे ते वाचून घ्यावे.

आपल्या आजोबा-वडिलांच्या काळातील काळी सायकल नुसती ब्रशने रंगवलेली नसे. एनॅमल रंगाचे थर फ्रेमवर चढवून ती कारखान्यातल्या भट्टीत भाजत. म्हणून तो थर पातळ, कठीण आणि आरशासारखा चकचकीत असे. त्यावर लांब केसांच्या ब्रशने हाताने सोनेरी रेघा ओढल्या जात. कंपनीचे नाव आणि मुद्रा ट्रान्सफरने उमटवत, हँडलखाली पितळी किंवा पत्र्याचा बिल्ला बसवत. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली बंदूक बनवणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन ही कंपनी काढली, म्हणून तिच्या सायकलवर तीन बंदुकांची मुद्रा आली. कोपऱ्यावरच्या दुकानात मारलेला जाड रंग या सगळ्या खुणा झाकून टाकतो.

या खुणा शोभेपुरत्या नाहीत, तो पुरावा आहे. रॅले मूळची इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची. स्वातंत्र्यानंतर सेन-रॅलेच्या सायकली बंगालमधल्या आसनसोलला बनू लागल्या. हर्क्युलिस आणि फिलिप्स ही इंग्रजी नावे मद्रासजवळच्या अंबत्तूरला पोचली. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता, १९५१ मध्ये सोनीपतला अॅटलस आली, १९५६ मध्ये लुधियानात हिरो. परदेशी मालावर विसंबणारा देश स्वतः सायकल कशी बनवू लागला, त्याची साक्ष ही बिल्ल्यांवरची आणि ट्रान्सफरवरची अक्षरे देतात. तीन गिअरच्या स्टर्मी-आर्चर हबवर तर बऱ्याचदा सालाचे आकडे ठोकलेले असतात. जोरात बफिंग केले की तेही झिजतात. आज नवे ट्रान्सफर विकत मिळतात. ते लावून आसनसोलची सायकल सहज नॉटिंगहॅमची करता येते. कागदाच्या बाबतीत असे केले तर आपण त्याला बनावट दस्तऐवज म्हणू.

कारखान्यानंतरचा इतिहासही सायकलवरच असतो. नगरपालिका सायकलवर कर घेत आणि त्याचा बिल्ला देत. तो जिथे अडकवला होता तिथली खूण, डब्याची पिशवी घासून पुसला गेलेला दांडीवरचा रंग, कॅरिअरवर बसणाऱ्या पोरांच्या टाचांनी पडलेले ओरखडे. जुनी हस्तलिखिते पाहणाऱ्यांना हे नवे नाही. मूळ मजकुराइतकाच हाशियावरच्या टिपांचाही तिथे मान असतो, कारण किताब कोणाच्या हातातून गेली ते त्या टिपाच सांगतात.

इमारतींच्या बाबतीत हा वाद फार पूर्वीच झाला आहे. इंग्लंडमध्ये चर्चच्या भिंती खरवडून 'मूळ रूप' देण्याची लाट आली, तेव्हा विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचे टोपणनावच 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडण्याला विरोध, असे पडले. आपल्याकडे पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ च्या आपल्या नियमपुस्तकात सांगितले की अर्धेमुर्धे टिकलेले मूळ कामही नव्या सफाईदार कामापेक्षा कितीतरी मोलाचे असते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने त्यात भर घातली : जिथून अंदाज सुरू होतो, तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आपल्या किती दर्ग्यांच्या कोरीव दगडांवर ऑइलपेंटचे थर चढले आहेत, ते पाहिले की हा नियम का हवा ते कळते.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती आमच्या घरातच आहे. अब्बांच्या रॅलेच्या चेनकव्हरवर गावातल्या पेंटरने त्यांचे नाव वर उर्दूत आणि खाली मराठीत लिहिले आहे, पुढे 'मास्तर'. भाईजान म्हणतात, "अब्बा रोज सकाळी सायकल पुसायचे. ती अशी गंजलेली पाहून त्यांना बरं वाटलं असतं का?" या प्रश्नाला पुस्तकी उत्तर पुरत नाही. सायकल हे गरिबाचे वाहन. ज्यांनी ती वापरली त्यांनी गरजेप्रमाणे ती रंगवलीही. नमाज होत असलेल्या मशिदीची डागडुजी कोणी थांबवत नाही.

म्हणून पुसणे आणि खरवडणे यांत फरक करावा लागतो. अब्बा पुसत होते, खरवडत नव्हते. आम्ही सौम्य साबणाच्या पाण्याने सायकल धुतली, शिलाई मशीनचे तेल लावले, क्रोमवरचा गंज ओल्या अॅल्युमिनियम फॉइलने हलक्या हाताने काढला. थिनर आणि पेट्रोल दूर ठेवले, कारण ट्रान्सफर त्याने क्षणात सुटतात. शेवटी रंगावर मेण चढवले. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर नवे घातले. चेनकव्हरची खालची कड गंजून सुटत होती, तेवढ्याच जागी गंजरोधक लावला. नाव तसेच आहे. आज त्या वळणाची उर्दू लिहिणारा पेंटर आमच्या गावात उरलेला नाही.

प्रत्येक सायकल अशी राखावीच, असे माझे म्हणणे नाही. मूळ रंग निघूनच गेला असेल, वर तीन-चार हलके थर असतील, किंवा गंजाने फ्रेम पोखरत असेल, तर जरूर रंगवा. फ्रेमला तडा असेल तर आधी मिस्त्रीला दाखवा. वरचा रंग स्थानिक असेल तर आधी एका कोपऱ्यात हळूच तपासा, खाली मूळ थर सापडू शकतो. रंगवायचेच ठरले तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, बिल्ल्यावरची आणि सीटखालच्या नळीवरची अक्षरे-आकडे वहीत उतरवा, काढलेला बिल्ला फेकू नका. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ही सायकल कधी, कुठून, किती रुपयांना घेतली ते विचारून त्याच वहीत लिहा. ते विचारायचे असेल तर याच आठवड्यात विचारा.