स्कॉलरशिपचे बाक

पलूसच्या परिसरात आमच्या लहानपणी चौथीची स्कॉलरशिप ही मुलांइतकीच गावाची परीक्षा असे. निकाल लागला की पारावर गुरुजींचे नाव निघे. आमच्या शाळेत निवडक मुले पुढच्या बाकांवर बसवली गेली. त्यांत मी होतो. पहाटे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात जादा तास चालत. आमच्याच मोहल्ल्यातला माझा सोबती मात्र मागे राहिला. त्याचे पाढे माझ्याहून पक्के होते. पण घरी दखनी बोलणाऱ्या त्या पोराला समानार्थी-विरुद्धार्थी शब्द कुठून यावेत? माझे अब्बा मराठी वाचत, एवढाच काय तो फरक. सातवीनंतर तो शाळेत दिसला नाही. गुरुजींना दोष द्यावा, तर त्यांचीही पारख निकालावरच होई.

हे ओझे जुने आहे. इंग्लंडमध्ये 1862 साली शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालाला बांधले गेले आणि त्याच दशकात ती पद्धत मुंबई इलाख्यातही आली. साहेबाने मुले तपासायची आणि उत्तीर्ण होणाऱ्यांच्या हिशेबाने अनुदान द्यायचे. मग साहेब विचारील तेवढेच मास्तर शिकवणार, हे उघड होते.

ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. डेप्युटीची वर्षातून एक भेट फारशी कामाची नाही, तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि एरवीही न कळवता भेटी द्याव्यात, असे त्यांनी सुचवले. पण मला महत्त्वाचे वाटते ते त्यांचे शिष्यवृत्तीविषयीचे म्हणणे. चढाओढीने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्यायाचे असले, तरी त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. म्हणून जिथे शिक्षण पोहोचलेच नाही, त्या वर्गांसाठी काही शिष्यवृत्त्या राखाव्यात, अशी त्यांची मागणी होती. मुसलमान मुलांसाठी खास शिष्यवृत्त्यांची शिफारस त्याच आयोगाने केली, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.

राज्याची चौथी-सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा 1954-55 पासूनची. ग्रामीण मुलांसाठी आणि भूमिहीन शेतमजुरांच्या पाल्यांसाठी पुढे वेगळे संच ठेवले गेले. फुल्यांचे म्हणणे तेवढ्यापुरते ऐकले गेले म्हणायचे. प्रश्नपत्रिका उर्दूतही मिळे, पण ज्या गावात उर्दू शाळाच नाही, तिथल्या पोराला तिचा काय उपयोग? बाकांची वाटणी तर कोणत्याच नियमात नव्हती. ती निकालाच्या धाकाने आपोआप झाली.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले. 2019 च्या दुरुस्तीने ती वाट पुन्हा उघडली आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यानंतर माझा तो सोबती एकदा पलूसच्या बाजारात भेटला. त्याची नात जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत होती.

"नातीकू पाचवीमेंच बिठाइंगे क्या रे?"

फेरपरीक्षा असते, मी म्हणालो.

"उसकू पढाइंगे कौन?" त्याने विचारले आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.